लिमरिकचे जर्मन: आयरिश घराण्यांतील पॅलॅटाइन पूर्वज डीएनएच्या आधारे कसे शोधावेत

१७०८-०९ चा हिवाळा ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात इतका कडक पडला की द्राक्षमळे जागच्या जागी गोठून गेले. फ्रेंच सैन्याच्या स्वाऱ्या आणि वाढते कर यांनी तिथला शेतकरी आधीच पिचलेला होता. १७०९ च्या वसंतात हजारो कुटुंबे ऱ्हाईनमधून रॉटरडॅमला आणि तिथून जहाजाने लंडनला पोहोचली. लंडनजवळच्या ब्लॅकहीथ आणि कँबरवेल येथील तंबूंत त्या वर्षी सुमारे तेरा हजार माणसे येऊन राहिली. ती सगळी ऱ्हाईनकाठच्या पॅलॅटिनेट या एकाच जर्मन प्रदेशातली नव्हती. त्यांत हेसनचे लोक होते, बाडेनचे होते, आणि पूर्वी स्वित्झर्लंड व फ्रान्समधून पॅलॅटिनेटमध्ये आश्रयाला आलेल्या प्रॉटेस्टंट घराण्यांचे वंशजही होते. इंग्रजांनी मात्र त्यांना सरसकट ‘पॅलॅटाइन’ म्हटले आणि तेच नाव चिकटले.

यांपैकी ८२१ कुटुंबे, म्हणजे ३,०७३ माणसे, १७०९ च्या सप्टेंबरपासून डब्लिनला पाठवण्यात आली. पुढच्या काही वर्षांत त्यांतली बहुसंख्य आयर्लंड सोडून गेली. जी टिकली ती मुख्यतः लिमरिक काउंटीत, रॅथकीलजवळ सर थॉमस साउथवेल यांच्या जमिनीवर. कोर्टमॅट्रिक्स, किलीहीन आणि बॅलिंग्रेन ही त्यांची मूळ वस्ती. तिथून पुढे ती अडेअर आणि ग्लेनोशीनकडे व केरी काउंटीत पसरली. वेक्सफर्ड काउंटीत गोरी आणि ओल्ड रॉस येथे काही कुटुंबे स्थिरावली होती. स्वित्झर, टेस्की, रटल, स्पार्लिंग, शायर, बोवेनायझर, स्मेल्टझर, रकल, हेक, फिट्झेल ही त्यांची आडनावे आजही आयर्लंडमध्ये आणि त्याहून अधिक कॅनडात आढळतात.

या घराण्यांच्या वंशजांपुढे एक सरळ प्रश्न असतो: आपला जर्मन पूर्वज नेमका कोण आणि तो कोणत्या गावचा? डीएनए चाचणी याचे उत्तर थेट देत नाही, हे आधीच समजून घेतले तर पुढचे पैसे आणि कष्ट दोन्ही वाचतात. दोन जिवंत माणसांचा पूर्वज एक असण्याची शक्यता किती, एवढेच डीएनए सांगतो. तो पूर्वज जर्मन होता हे कागद सांगतो. सगळी कला आहे ती कोणत्या दोन माणसांची तुलना करायची हे ठरवण्यात.

आधी कागद

चाचणीची नळी मागवण्यापूर्वी आपल्या सोळाही खापरपणजोबा-खापरपणज्यांची नावे, जन्मगावे आणि धर्मपंथ मिळतील तितके लिहून काढावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण जुळणी, म्हणजे आपल्याशी समान डीएनए असलेला माणूस, हाती आल्यावर ती कोणत्या फांदीवर बसवायची हे या तक्त्यावाचून कळत नाही.

आयर्लंडच्या दप्तरांची अडचण प्रसिद्ध आहे. १८२१ ते १८५१ या जनगणनांचा बहुतेक भाग आणि चर्च ऑफ आयर्लंड या तिथल्या अँग्लिकन प्रॉटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स येथील आगीत गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाल्या होत्या. पॅलॅटाइन कुटुंबे चर्च ऑफ आयर्लंडची किंवा मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाची असल्यामुळे या आगीचा फटका त्यांना विशेष बसला. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. आयर्लंडमध्ये सर्व धर्मांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, पण कॅथलिक नसलेल्यांच्या विवाहांची नोंद १८४५ पासूनच होत होती. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांतले, वडिलांच्या नावासह नोंदलेले विवाह पॅलॅटाइन घराण्यांना मिळू शकतात, आणि या नोंदींच्या प्रतिमा आयर्लंड सरकारच्या वंशावळी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

त्यामागे जाण्यासाठी १८२३ ते १८३७ मधल्या टाइद, म्हणजे चर्चसाठीचा जमिनीवरचा कर, वसुलीच्या याद्या आणि १८४७ ते १८६४ मधले ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे घर-जमिनीची सरकारी मोजदाद, पाहावे. दोन्हींत टाउनलँड, म्हणजे आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान नोंदवलेला विभाग, दिलेला असतो. ‘लिमरिक’ एवढ्यावर न थांबता टाउनलँडचे नाव गाठावे, कारण पॅलॅटाइन शेजारी-शेजारी राहिले आणि शेजाऱ्यांतच सोयरीक करत राहिले. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स ही कचेरी १७०८ पासून चालू आहे आणि ती आगीतून वाचली. तिथे नोंदलेल्या भाडेपट्ट्यांत ‘तीन आयुष्यांपर्यंत’, म्हणजे नाव घातलेल्या तिघांपैकी शेवटचा हयात असेपर्यंत, असे पट्टे वारंवार येतात, आणि ती तीन आयुष्ये म्हणून भाडेकरूच्या मुलांची किंवा भावांची नावे, कधी वयासह, घातलेली असतात. बाप्तिस्म्याची वही जळालेली असताना अशा एका पट्ट्यावरून दोन पिढ्यांचा सांधा जुळतो.

कॅनडात गेलेल्या शाखांसाठी १८७१ ची कॅनडाची जनगणना फार मोलाची आहे. तिच्यात जन्मस्थानाखेरीज ‘मूळ’ असा वेगळा रकाना होता. जन्म आयर्लंडमधला आणि मूळ जर्मन, अशी नोंद एखाद्या कुटुंबासमोर सापडली, तर एकोणिसाव्या शतकात त्या घरात ही आठवण जिवंत होती याचा तो पुरावाच आहे. उलट मूळ ‘आयरिश’ लिहिले असेल तर त्यावरून काहीच नाकारता येत नाही. दीडशे वर्षे आयर्लंडमध्ये काढलेल्या माणसाने तसे सांगणे स्वाभाविक आहे.

आडनावांबाबत दुहेरी सावधगिरी हवी. श्वायत्सरचा स्वित्झर झाला, श्मेल्त्सरचा स्मेल्टझर झाला. ही आडनावे ओळखू येतात. पण म्युलरचा मिलर झाला, युंगचा यंग, कोखचा कुक, फायफरचा पायपर आणि लोरेन्त्सचा लॉरेन्स झाला. आयर्लंडमध्ये इंग्लिश आणि स्कॉटिश वंशाचे मिलर, यंग आणि कुक पुष्कळ आहेत. म्हणून रॅथकीलच्या परिसरात राहणारा, स्वित्झर किंवा टेस्की घराण्यांत लग्न केलेला मेथडिस्ट मिलर हा पॅलॅटाइन असण्याचा संभव मोठा, आणि उत्तरेकडच्या अल्स्टरमधला प्रेस्बिटेरियन मिलर बहुधा स्कॉटिश. आडनावाइतकाच शेजार महत्त्वाचा.

कोणाची चाचणी करावी

माझ्या मते सगळ्या शोधातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि बहुतेक जण तो विचार न करता घेतात. ते स्वतःची चाचणी करतात. घरात ऐंशी वर्षांची मावशी किंवा आत्या असेल, तर पहिली चाचणी तिची व्हायला हवी.

कारण साध्या गणितात आहे. मूल आई-बापांकडून निम्मा-निम्मा डीएनए घेते, आणि हा निम्मा भाग कोणता हे दर पिढीला नव्याने, यदृच्छेने ठरते. १७०९ साली तिशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या असलेल्या व्यक्तीच्या आठ-नऊ पिढ्या मागे येतो, आणि तिच्या नातवाच्या दहा-अकरा पिढ्या मागे. दहा पिढ्यांमागे आपले १,०२४ पूर्वज असतात, पण त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एकही तुकडा आपल्या अंगी उरलेला नसतो. ते वंशावळीत असतात, रक्तात सापडत नाहीत. वृद्ध व्यक्तीची चाचणी म्हणजे दोन पिढ्यांची ही झीज टाळणे.

दुसरी गोष्ट म्हणजे भावंडे. एका अपत्यात आई-बापांपैकी प्रत्येकाचा निम्मा डीएनए असतो, दोन भावंडांत मिळून सुमारे पाऊण, आणि तीन भावंडांत सुमारे साडेसत्त्याऐंशी टक्के. मावशी आणि मामा दोघेही हयात असतील तर दोघांचीही चाचणी करावी. एकाकडे नसलेला पॅलॅटाइन तुकडा दुसऱ्याकडे असू शकतो.

तिसरी गोष्ट, चुलत-मावस शाखा. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे. इंग्रजीत ‘दुसरे’, ‘तिसरे’ असे आकडे लावून जी नाती मोजतात, ती आपण समान पूर्वजावरून सांगू शकतो. ज्यांचा पणजोबा एक आहे अशा दोघांत सरासरी २३० सेंटिमॉर्गन डीएनए समान असतो. सेंटिमॉर्गन हे समान तुकड्यांची लांबी मोजण्याचे एकक आहे. खापरपणजोबा एक असेल तर सरासरी ७३, आणि त्याच्याही वरची पिढी समान असेल तर सरासरी ३५. सरासरीपेक्षा शक्यता जास्त बोलकी आहे. खापरपणजोबा समान असलेल्या सुमारे दहांपैकी नऊ जोड्यांत मोजता येईल इतका समान डीएनए सापडतो. त्यावरच्या पिढीला ही शक्यता निम्म्यावर येते आणि आणखी एका पिढीला जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांवर. म्हणून जुळणी न सापडणे हा नाते नसल्याचा पुरावा ठरत नाही, आणि म्हणूनच एका पूर्वजाच्या वेगवेगळ्या मुलांपासून निघालेल्या चार-पाच शाखांतून प्रत्येकी एक वृद्ध व्यक्ती निवडावी लागते.

कोणती चाचणी, कोणाकडे

चाचण्या तीन प्रकारच्या आहेत. ऑटोसोमल चाचणी बावीस गुणसूत्रजोड्या तपासते आणि सर्व शाखांची माहिती देते, पण ती पाच-सहा पिढ्यांपलीकडे झपाट्याने अंधूक होते. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जवळजवळ जशाच्या तसा जातो. तो फक्त पुरुषांत असतो आणि आडनावाच्याच वाटेने प्रवास करतो. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सर्व अपत्यांकडे जातो, पण पुढे फक्त मुलींमधून चालतो. तो इतक्या सावकाश बदलतो की दोन ठरावीक स्त्रिया एकाच मातृशाखेतल्या होत्या का, अशा एखाद्या नेमक्या प्रश्नापुरताच त्याचा उपयोग करावा.

ऑटोसोमल चाचणी प्रथम अँसेस्ट्रीकडे करावी असे मी सुचवतो. तिच्या संग्रहात अडीच कोटींहून अधिक लोक आहेत आणि कॅनडा व अमेरिकेतल्या पॅलॅटाइन वंशजांची गाठ तिथे पडण्याचा संभव सर्वांत मोठा. ही कंपनी दुसरीकडची माहिती स्वीकारत नाही, म्हणून तिच्याकडे प्रत्यक्ष चाचणीच करावी लागते. तिच्याकडून मिळालेली कच्ची माहिती उतरवून घेऊन फॅमिलीट्रीडीएनए ही कंपनी आणि निरनिराळ्या कंपन्यांचे निकाल ताडून पाहण्याचे जेडमॅच हे संकेतस्थळ येथे चढवता येते. युरोप खंडातल्या लोकांसाठी मायहेरिटेज उपयुक्त आहे, तेव्हा तिचाही विचार करावा. इतर कंपन्यांची माहिती स्वीकारण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा चढवण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहावा. वाय-डीएनएसाठी मात्र फॅमिलीट्रीडीएनए हाच व्यवहार्य पर्याय आहे, कारण आडनावांचे आणि प्रदेशांचे अभ्यासगट तिथेच चालतात.

अँसेस्ट्रीची नळी थुंकीची असते, तर मायहेरिटेज आणि फॅमिलीट्रीडीएनए गालाच्या आतून काडी फिरवून घेतात. थुंकीच्या नमुन्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. फार वृद्ध माणसांना नळी भरेल इतकी लाळ येणे कठीण जाते, त्यांच्यासाठी काडीची चाचणी बरी. चाचण्या मार्चमधल्या सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास, २५ एप्रिलच्या डीएनए दिनाला आणि नोव्हेंबरअखेरीस बहुधा स्वस्त होतात.

नमुना देणाऱ्याची संमती स्पष्ट शब्दांत घ्यावी. अनपेक्षित पितृत्व उघड होऊ शकते, पोलिसांना काही संग्रहांत शोध घेता येतो, आणि माहिती फुटू शकते, हे तिन्ही धोके आधी सांगावेत. २०१८ साली कॅलिफोर्नियातील एका जुन्या खूनसत्राचा आरोपी जेडमॅचमधल्या नातेवाइकांवरून सापडला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे ऐकून कोणी नकार दिला तर त्याचा आग्रह धरू नये.

टक्केवारीकडे किती लक्ष द्यावे

निकालात पहिल्यांदा दिसतो तो रंगीत नकाशा: आयर्लंड ७१ टक्के, जर्मन युरोप ६ टक्के, असे काहीसे. लोक इथेच हर्षतात किंवा हिरमुसतात. या आकड्यावर कोणताही निष्कर्ष बांधू नये.

ही टक्केवारी आजच्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेली असते. इंग्लंड, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनी यांच्या लोकांत इतके साम्य आहे की त्यांना वेगळे काढताना संगणकाची गल्लत होते. आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट घराण्यांत सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या काळात आलेल्या आणि नंतरच्या इंग्लिश वसाहतकारांचे रक्त मिसळलेले असते, आणि तेही कधी ‘जर्मन’ म्हणून उमटते. कंपन्या आपली पद्धत सुधारतात तेव्हा हेच सहा टक्के पुढच्या वर्षी दोन होतात किंवा नाहीसे होतात.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. एखाद्या वृद्ध स्त्रीच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांपैकी एक जोडपे संपूर्ण पॅलॅटाइन असेल, तर तिचा सुमारे साडेबारा टक्के डीएनए त्या समाजातून आलेला असतो, जरी १७०९ च्या कोणत्याही एका माणसाचा वाटा त्यात नगण्य असला तरी. म्हणून ऐंशीच्या मावशीकडे जर्मन टक्केवारी दोन-तीन कंपन्यांत सातत्याने ठळक दिसत असेल, तर ती शोधाची दिशा म्हणून वहीत टिपावी. तिला पुराव्याचा दर्जा मात्र देऊ नये.

जुळण्यांची मांडणी

खरे काम जुळण्यांच्या यादीत आहे. प्रथम ९० ते ४०० सेंटिमॉर्गनच्या जुळण्या घेऊन त्यांचे चार आजी-आजोबांप्रमाणे गट पाडावेत. पहिल्या जुळणीला एक रंग द्यावा, आपल्याबरोबरच तिच्याशीही जुळणाऱ्या सर्वांना तोच रंग द्यावा, मग रंग न लागलेल्या पुढच्या जुळणीला दुसरा. डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली ही पद्धत एका संध्याकाळी उरकते. ज्या रंगात पॅलॅटाइन आडनावे दिसतात, तोच आपला प्रदेश. मग त्या रंगातल्या २० ते ९० सेंटिमॉर्गनच्या जुळण्यांकडे वळावे, आणि त्यांच्या वंशवृक्षांत स्वित्झर, स्पार्लिंग, शायर ही आडनावे, त्याचप्रमाणे रॅथकील, अडेअर आणि ओंटारियो ही स्थळे शोधावीत.

ओंटारियो हे नाव मुद्दाम घेतले. १७६० साली फिलिप एंबरी आणि बार्बरा हेक यांच्यासह काही पॅलॅटाइन कुटुंबे लिमरिकहून न्यूयॉर्कला गेली आणि तिथे त्यांनी अमेरिकेतल्या मेथडिस्ट पंथाचा पाया घातला. अमेरिकन क्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेली कुटुंबे कॅनडात सरकली. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून आणखी लाटा आल्या. ओंटारियोतल्या ॲपलटन या गावाला टेस्की कुटुंबावरून एके काळी टेस्कीव्हिल म्हणत. त्यामुळे लिमरिकच्या जर्मनांची जुळणी लिमरिकपेक्षा ओंटारियोत लवकर सापडते.

इथेच सर्वांत मोठा सापळा आहे. अठराव्या शतकात ही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आपसांतच लग्ने करत राहिली. परिणामी दोन वंशजांचे नाते एका जोडप्याकडून नसते, तीन-चार जोडप्यांकडून असते, आणि त्यांचा एकूण समान डीएनए खऱ्या नात्यापेक्षा जास्त दिसतो. ६० सेंटिमॉर्गन पाहून ‘खापरपणजोबा एक’ असे ठरवावे आणि प्रत्यक्षात नाती सहाव्या-सातव्या पिढीतली पण चौपदरी निघावीत, असे वारंवार घडते. यावर उपाय असा की एकूण बेरजेबरोबर सर्वांत लांब तुकडा पाहावा. ६० पैकी एकच तुकडा ३५ चा असेल तर नाते तुलनेने जवळचे असण्याचा संभव आहे. ६० ही बेरीज आठ-नऊच्या सात तुकड्यांची असेल तर ती जुन्या, गुंतलेल्या सोयरिकीची खूण. सात-आठ सेंटिमॉर्गनखालच्या तुकड्यांतले पुष्कळसे तर निव्वळ आभास असतात, त्यांना हात लावू नये.

तिघांची साक्ष

दोघांत समान तुकडा असणे ही एक गोष्ट झाली. तिघांत एकाच गुणसूत्रावर, त्याच जागी, परस्परांशी जुळणारा तुकडा असेल, आणि तिघे एकाच जोडप्याच्या वेगवेगळ्या मुलांचे वंशज असतील, तर तो तुकडा त्या जोडप्याकडून आला असे म्हणण्यास आधार मिळतो. अँसेस्ट्रीवर गुणसूत्रांचा नकाशा दिसत नाही. त्यासाठी जुळणीतल्या माणसांना सौजन्याने पत्र लिहून त्यांची माहिती जेडमॅच किंवा फॅमिलीट्रीडीएनएवर चढवण्याची विनंती करावी लागते. पत्र चार ओळींचे असावे: आपण कोण, कोणत्या आडनावांमुळे लिहीत आहोत, त्यांच्याकडून नेमके काय हवे आहे, आणि बदल्यात आपण त्यांना काय देऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी नेहमीच्या आहेत. समजा, ओंटारियोतल्या एका वृद्ध स्त्रीच्या आईच्या आईचे माहेरचे आडनाव मिलर आहे. घरात समजूत अशी की हे मिलर आयर्लंडहून आले, पण मुळात जर्मन होते. १८७१ च्या जनगणनेत त्या मिलरांचे मूळ ‘आयरिश’ आणि पंथ मेथडिस्ट. तिच्या जुळण्यांत शायर, स्पार्लिंग आणि स्वित्झर वंशाचे तिघे सापडतात: ४१, ३४ आणि २७ सेंटिमॉर्गन. तिघेही एकमेकांशी जुळतात. घाईचा माणूस इथे थांबेल आणि मिलर पॅलॅटाइन होते असे जाहीर करेल.

पण तिच्या वंशवृक्षात त्याच फांदीवर, मिलर पणज्याची बायको रटल होती. तिघांची जुळणी रटल बाजूने आली असेल तर मिलरांबद्दल काहीच सिद्ध झाले नाही. तेव्हा पुढची पायरी अशी की ज्यांच्या शाखेत मिलर आहेत पण ही रटल स्त्री नाही, अशा लोकांना शोधावे. उदाहरणार्थ, मिलर पणज्याच्या बहिणीचे आयर्लंडमध्येच राहिलेले वंशज. त्यांच्यातल्या दोघांशी या स्त्रीचा तुकडा त्याच जागी जुळला, आणि तोच तुकडा एका शायर वंशजाकडेही असला, तर मिलर आणि शायर यांच्यात जुनी सोयरीक होती एवढे आता भरवशाने म्हणता येते. मग रॅथकीलच्या उरलेल्या नोंदींत आणि भाडेपट्ट्यांत ती सोयरीक शोधायची. कागदाने दाखवलेल्या जागी डीएनए तपासायचा, डीएनएने दाखवलेल्या जागी कागद. ही ये-जा कधी वर्षभर चालते.

आयर्लंडपलीकडे उडी

वरच्या रीतीने घराणे पॅलॅटाइन ठरले, तरी जर्मनीतले गाव अजून दूरच आहे. जर्मनीत मागे राहिलेल्या भावाच्या वंशजाशी आपले नाते आठ-नऊ पिढ्यांपूर्वीचे असणार, आणि इतक्या लांबच्या नात्यात ऑटोसोमल जुळणी सापडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. इथे वाय-डीएनएच कामाला येतो.

त्यासाठी त्या आडनावाचा, अखंड पुरुषवंशातला एक पुरुष हवा. वरच्या उदाहरणात ती स्त्री स्वतः किंवा तिचा भाऊ चालणार नाही. आईच्या मामेभावाचा मुलगा, ज्याचे आडनाव आजही मिलर आहे, तो चालेल. वाय गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागा तपासणाऱ्या, म्हणजे ३७ बिंदूंच्या, चाचणीने सुरुवात करावी, ती आशादायक वाटली तर बिग वाय या सखोल चाचणीकडे जावे. एकाच घराण्याच्या दोन दूरच्या शाखांतून एकेक पुरुष घ्यावा. दोघे जुळले तर मधल्या काळात दत्तकविधान किंवा अनौरस जन्माने वंश बदललेला नाही याची खात्री होते.

वाय-डीएनएच्या पोटवंशावरून, म्हणजे त्यातल्या ठरावीक बदलांवरून ओळखल्या जाणाऱ्या पुरुषवंशाच्या शाखेवरून, घाईने देश ठरवू नये. एल-ट्वेंटीवन आणि त्यातही एम-टू-ट्वेंटीटू हा पोटवंश निघाला, तर ती पुरुषशाखा मुळात आयरिश असण्याचा संभव मोठा. आडनाव जर्मन राहिले आणि वंश मध्येच बदलला, असेही घडते. यू-वन-फिफ्टीटू आल्प्स आणि ऱ्हाईनच्या बाजूला पुष्कळ आढळतो, यू-वन-ओ-सिक्स जर्मनी व नेदरलँड्समध्ये. पण दोन्ही इंग्लंडमध्येही आहेत. तेव्हा पोटवंशापेक्षा प्रत्यक्ष जुळणारा माणूस आणि त्याची कागदोपत्री वंशावळ हाच निकष धरावा.

असा माणूस बहुधा जर्मनीत मिळत नाही, न्यूयॉर्क राज्यात मिळतो. १७१० साली लंडनच्या त्याच तंबूंतली काही हजार माणसे गव्हर्नर हंटर यांच्याबरोबर न्यूयॉर्कला गेली आणि हडसन व स्कोहारीच्या खोऱ्यांत वसली. एक भाऊ आयर्लंडला आणि दुसरा न्यूयॉर्कला, असे घडले होते. हेन्री झेड. जोन्स या अमेरिकी संशोधकाने न्यूयॉर्कच्या या कुटुंबांपैकी कित्येकांची जर्मनीतली मूळ गावे वर्षानुवर्षे चर्चच्या वह्या तपासून शोधून काढली, आणि आयर्लंडच्या कुटुंबांवरही काम केले. लिमरिकच्या मिलरचा वाय-डीएनए स्कोहारीच्या मिलरशी जुळला आणि त्या स्कोहारी घराण्याचे गाव ठाऊक असले, तर शोध एका झेपेत ऱ्हाईनच्या काठी पोहोचतो.

मग जर्मन चर्चच्या वह्या. प्रॉटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन या संकेतस्थळाचे शुल्क भरून प्रतिमा पाहता येतात. गावाचे नाव नसेल तर १७०९ मध्ये लंडनला पोहोचलेल्या पॅलॅटाइनांच्या तिथे केलेल्या याद्यांकडे वळावे. त्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, व्यवसाय, पंथ आणि मुलांची वये असतात, गाव नसते. पण लोक गटाने निघाले होते. यादीत शेजारी लिहिलेल्या कुटुंबांपैकी एकाचे जरी गाव ठाऊक असले, तरी त्याच्या आसपासची चार-पाच गावे तपासणे हा सर्वांत फलदायी मार्ग आहे. नवरा-बायको आणि मुलांची वये एकत्र जुळली, आणि १७०९ नंतर त्या गावच्या वहीत ते कुटुंब दिसेनासे झाले, तर ओळख बरीच पक्की होते. तारखा ताडून पाहताना ध्यानात ठेवावे की जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट प्रदेशांनी १७०० सालीच नवे (ग्रेगोरियन) पंचांग स्वीकारले, तर इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये ते १७५२ पर्यंत आले नाही. मधल्या काळात दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर होते, आणि इंग्रजी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. फेब्रुवारी १७०९ असे लिहिलेली इंग्रजी नोंद आपल्या हिशेबाने १७१० ची असू शकते.

रॅथकील येथे आयरिश पॅलॅटाइन असोसिएशनचे वारसा केंद्र आहे. आपल्या घराण्याचा तक्ता आणि जुळण्यांचा गोषवारा तयार झाला की तो त्यांच्यासमोर ठेवणे उपयोगाचे ठरते.

प्रत्येक निष्कर्षाबरोबर तो कशावरून काढला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे: कोणाची चाचणी, किती सेंटिमॉर्गन, कोणता तुकडा, कोणता कागद. कच्ची माहिती स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी, आणि वृद्ध नमुनादात्याच्या पश्चात त्याचे खाते कोण सांभाळेल हे त्याच्याच हयातीत लेखी ठरवून घ्यावे. एखाद्या पॅलॅटाइन आडनावाचा पुरुषवंश एकाच म्हाताऱ्या माणसावर येऊन थांबला असेल, तर बाकी सगळी कामे बाजूला ठेवून त्याचा नमुना आधी घ्यावा. आजच सखोल चाचणीचा खर्च झेपत नसेल तर ३७ बिंदूंचीच करावी. फॅमिलीट्रीडीएनए नमुना जपून ठेवते आणि त्याच नमुन्यावर पुढची चाचणी नंतरही करता येते.